संशय असेल तर तो कागदावर लिहा

१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणासाठी चाललेल्या मनोज जरांगे पाटलांच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला, अश्रुधूर सुटला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तीन दिवसांनी माफी मागितली, जालन्याचे पोलीस अधीक्षक सक्तीच्या रजेवर गेले. शेकडो लोकांवर गुन्हेही दाखल झाले.

मी याच अंबड तालुक्यात वकिली करतो. असल्या फिर्यादींत काही नावं असतात आणि पुढे ‘व इतर अनोळखी इसम’. या एका ओळीत कुठलंही पोरगं बसवता येतं. रात्री दारात गाडी येते. “साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांचं काम आहे.” पोराला बाकड्यावर बसवतात, मोबाइल काढून घेतात, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप सगळं चाळतात. स्टेशन डायरीत नोंद नसते. बाप मला फोन करतो : “वकीलसाहेब, धरलंय का नुसतं बसवलंय, तेच कळंना.” पोरगं पोलीस भरतीसाठी पहाटे धावत असतं. चारित्र्य पडताळणीत नाव येईल या धास्तीनं सुटल्यावर तक्रार करत नाही.

कायदा दुबळा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर आधी कारण लिहावं लागतं. कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण करावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्याच एका खटल्यात सांगितलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्या. म्हणजे आमच्याकडे मराठीत. पण ‘नुसतं बसवलं’ की अटकच दाखवली जात नाही, मग कारण कोण लिहिणार? त्यात याच संहितेच्या नव्या कलम १७२ नं पोलिसांचा आदेश न मानणाऱ्याला ताब्यात घेण्याचा अधिकार दिलाय. किरकोळ प्रकरणात २४ तासांत सोडलं की झालं.

दगड मारणाऱ्याला पकडाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आज ही पाळी मराठा पोरांवर आहे. उद्या शेजारच्या वडीगोद्रीत ओबीसी आंदोलनातल्या पोरांवर येईल. माझी मागणी सरकारकडे आहे. ठाण्यात बसवलेल्या प्रत्येकाला वेळ, कलम, कारण आणि अधिकाऱ्याची सही असलेली मराठी चिठ्ठी तिथल्या तिथे मिळावी, मोबाइल घेतला तर त्याची पावतीही. आणि ‘अनोळखी’मध्ये नवं नाव घालताना पुरावा आधी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवावा. यासाठी गृहखात्याचं एक परिपत्रक पुरेल.