वीराचें स्मरण कसें करावें?

डिसेंबरची १४ तारीख वर्षांतून एकदां येते आणि मुकाट्यानें निघून जाते. पंचांगांत त्या दिवशीं ना सण, ना उपास, ना जत्रा. परंतु १९७१ सालीं याच दिवशीं श्रीनगरच्या विमानतळावर एका तरुण वैमानिकानें जें केलें, तें ठाऊक नसलेलें घर या देशांत असूं नये, असें आम्हांस वाटतें. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों हें त्यांचें नांव. पंजाबांतील लुधियाना जिल्ह्यांत इसेवाल नांवाचें खेडें आहे, तेथले हे राहणारे. वडीलही हवाई दलांत नोकरीस होते. १९६७ सालीं सेखों हवाई दलांत अधिकारी झाले आणि साडेचार वर्षांनीं, तिशी गाठण्यापूर्वींच, लढाईंत कामास आले.

प्रसंग काय होता, तो वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. १९४८ सालापासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळें श्रीनगरास लढाऊ विमानें ठेवलेलीं नव्हतीं. ता. ३ डिसेंबर १९७१ रोजीं युद्धास तोंड लागलें, तेव्हां १८ व्या स्क्वॉड्रनचीं नॅट जातीचीं छोटीं विमानें खोऱ्याच्या रक्षणास होतीं. सेखों हे सपाट मुलखांतले. काश्मीरची उंची, हाडें गोठविणारा वारा आणि अनोळखी डोंगर हे शत्रूखेरीजचे तीन वैरी त्यांच्यापुढें होते. तरी त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं पहारा ढिला होऊं दिला नाहीं.

१४ तारखेस सकाळीं पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनीं तळावर हल्ला केला. सेखों उड्डाणाच्या तयारींतच होते. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतांना विमान वर नेणें म्हणजे प्रत्यक्ष मरणाच्या दाढेंतून वाट काढणें होय. जमिनीवरून उठणारें विमान पंख फुटलेल्या पांखरासारखें असतें. त्याला वेग नसतो, उंची नसते आणि वळण्यास जागा नसते. सेखों थांबले असते, तर कोणी त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. ते थांबले नाहींत. वर जातांच त्यांनीं दोन सेबरांचा पाठलाग धरिला. एकास त्यांच्या गोळ्या लागल्या व दुसऱ्यास आग लागली, असें त्यांच्या सन्मानपत्रांत नमूद आहे. तेवढ्यांत बाकीचीं विमानें मदतीस धांवलीं आणि एकास चार असा सामना झाला. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर ही झुंज चालली. अखेर संख्याबळापुढें त्यांचा निरुपाय झाला. विमान पडलें. त्याचे अवशेष एका घळींत सांपडले. पण पुष्कळ शोध करूनही सेखों यांचा देह हातीं लागला नाहीं. दोनच दिवसांनीं, १६ तारखेस, ढाक्यास पाकिस्तानी सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं.

त्यांनीं विमानें किती पाडलीं, यावर दोन्ही देशांत वाद आहे. तो वाद लष्करी इतिहासकारांनीं खुशाल घालावा. आमच्या मतें सेखों यांचें मोठेपण त्या हिशेबावर अवलंबून नाहींच. खळ्यांतलीं पोतीं मोजावीं तसें शौर्य मोजतां येत नाहीं. बॉम्ब पडत असतां त्यांनीं विमान पुढें घातलें, तेव्हांच त्यांचें मोठेपण सिद्ध झालें. पुढें एकही गोळी नेमकी लागली नसती, तरी त्यांत गुंजभर उणें आलें नसतें.

मरणोत्तर परमवीरचक्र मिळविणारे हवाई दलांतले ते आजवरचे एकमेव वीर. या चक्राची आकृति सावित्रीबाई खानोलकर यांनीं काढिली. जन्मानें त्या परदेशी, स्वित्झर्लंडांतल्या. एका मराठी सेनाधिकाऱ्याशीं लग्न करून त्या आपल्या झाल्या. चक्रावर त्यांनीं इंद्राचें वज्र काढिलें. दधीचीनें आपल्या अस्थि दिल्या व त्यांचें वज्र झालें, अशी कथा आहे. पुराणांतल्या गोष्टी आम्ही इतिहास म्हणून मानीत नाहीं. पण दधीचीच्या अस्थि निदान देवांच्या हातीं तरी पडल्या. इसेवालच्या या पुत्राच्या अस्थि त्याच्या आईबापांच्याही हातीं पडल्या नाहींत, हा विचार मनांत आला म्हणजे पुराणापेक्षां इतिहासच अधिक कठोर वाटूं लागतो.

आणखी एक गोष्ट. इंग्रजांनीं या देशांतल्या जातींची लढाऊ व बिनलढाऊ अशी वांटणी करून ठेविली होती. शौर्य रक्तांतून येतें, हा तो सिद्धांत. १९७१ च्या युद्धांत परमवीरचक्र चौघांस मिळालें. सेखों पंजाबच्या खेड्यांतले शीख, होशियारसिंग हरियाणांतले, अरुण खेत्रपाल सेनाधिकाऱ्याचे चिरंजीव, आणि अल्बर्ट एक्का आजच्या झारखंडांतले आदिवासी, ज्यांच्या समाजाची त्या यादींत कोणी फारशी गणना केली नव्हती. चक्र देतांना कोणाची वंशावळ उकलून पाहिली गेली नाहीं. जें रणांगणावर खरें ठरलें, तें शाळेंत, कचेरींत आणि पाणवठ्यावर खोटें कां ठरावें?

लुधियान्यास सेखों यांचा पुतळा आहे. २०२३ सालीं अंदमानांतील एका बेटास त्यांचें नांव दिलें गेलें. हें योग्यच झालें. परंतु पुतळ्यास हार घालून हात झाडणें फार सोपें असतें. विमान चालविणें म्हणजे बैलगाडी हांकणें नव्हे. त्याला गणित लागतें, पदार्थविज्ञान लागतें. पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आतां तेथें मुलींसही प्रवेश आहे. पण ज्या खेड्यांतल्या शाळेंत गणिताचा चांगला शिक्षकच नाहीं, तेथल्या पोरापोरींना ती प्रबोधिनी चंद्राइतकीच दूर. त्यांच्या अंगांत धमक नाहीं असें नव्हे. त्यांच्या पाटीवर अक्षर उमटविणारा हात नाहीं. वीरांचें स्मारक बांधावयाचें असेल, तर तें अशा गांवीं बांधा आणि त्याला शाळा असें नांव द्या.

शेवटीं, लढाईचे पोवाडे गातांना एवढें विसरूं नये कीं, पडणाऱ्या प्रत्येक विमानांत कोणाचा तरी मुलगा असतो. आपल्या बाजूचा तसाच पलीकडचाही. जो देश आपल्या तरुणांस मरणाच्या तोंडीं पाठवितो, त्यानें लढाई टाळण्याची शिकस्त आधीं केली पाहिजे. आणि ती टळली नाहीं, तर पडलेल्यांच्या घरचा दिवा विझूं देतां कामा नये. आपल्या तालुक्यांत लढाईंत पडलेल्या शिपायाचें घर असेल, तर येत्या १४ डिसेंबरास तेथें जा, त्या माउलीपाशीं घटकाभर बसा, तिचें पेन्शनचें वा शेताचें काम कोठें अडलें असेल तर तें मार्गीं लावा. सेखों यांच्या आत्म्यास यापरतें मोठें पुण्यस्मरण आम्हांस तरी सुचत नाहीं.