जुना स्टोव्ह, राख आणि श्रमप्रतिष्ठा



आपल्या बैठकांत श्रमप्रतिष्ठेवर भरपूर बोललं जातं. गाडगेबाबांचा खराटा येतो, गांधीजींचा चरखा येतो आणि मग समोसे येतात. या वेळी त्याच विषयावर, पण जरा गराजमधून लिहितो आहे. गेल्या उन्हाळ्यात मी एक सेकंडहँड पेलेट स्टोव्ह घेतला, दुरुस्त केला आणि थंडीच्या आधी घरात बसवून घेतला.

टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी थोडा खुलासा. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली, सुमारे ६ मिलिमीटर जाडीची कांडी. त्यात गोंद नसतो; उष्णता आणि दाबाने लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन भुसा धरून ठेवतं. चाळीस पौंडांची पिशवी, पन्नास पिशव्यांचा एक टन. आपल्या आई-वडिलांना भुशाची शेगडी आठवत असेल: वखारीतून भुसा आणायचा, मधोमध बाटली धरून ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायचं. कल्पना तीच. इथे भुसा यंत्राने ठासलेला असतो आणि हवा पंख्याने येते. वरच्या पेटीतून एक मळसूत्री दांडा थोड्या थोड्या कांड्या जळत्या भांड्यात टाकत राहतो. एक पंखा धूर बाहेर ओढतो, दुसरा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो. धूर नीट ओढला जात नसेल तर एक छोटा व्हॅक्युम स्विच दांडाच थांबवतो.

हा स्विच लक्षात ठेवा. ‘बिघडला आहे’ म्हणून स्वस्तात विकले जाणारे बरेच स्टोव्ह नुसते राखेने गुदमरलेले असतात. पंख्याला ओढ मिळत नाही, स्विच यंत्र बंद करतो आणि मालकाला वाटतं सर्किट बोर्ड गेला. माझा ५०० डॉलर्सना मिळाला. तसाच नवा घ्यायचा तर ४,००० च्या पुढे. मागचे पत्रे काढले तर आतल्या वाटा राखेने गच्च भरलेल्या. पेटीच्या तळाशी ओल लागून फुगलेल्या पेलेट्सचा सिमेंटसारखा थर. तो छिन्नीने काढला. राख फार बारीक असते, त्यामुळे एन-९५ मास्क हवाच, आणि घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर तिथे मुळीच वापरू नये. गंज तारेच्या ब्रशने घासला, दाराची फायबरग्लासची दोरी बदलली. दार नीट बसतं का हे पाहायची एक सोपी युक्ती आहे: डॉलरची नोट दारात धरून बंद करायचं आणि ओढून पाहायची. सहज निघाली तर दोरी बदला. नवीन इग्नायटर आणि गॅस्केटं धरून २४० डॉलर्स गेले, शिवाय चार शनिवार.

इथपर्यंत हौस ठीक आहे. पण घरात बसवणं हा हौसेचा भाग नाही, आणि इथे ‘आपण करू की घरच्या घरी’ या वृत्तीला माझा ठाम विरोध आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये असा स्टोव्ह बसवायला परमिट आणि तपासणी लागते. म्हणून विकत घेतानाच मागची धातूची लेबलपट्टी शाबूत आहे का ते बघा. भिंतीपासून किती अंतर हवं हे त्यावरच असतं. नळी पेलेट स्टोव्हसाठी बनवलेलीच हवी, आणि तिचं बाहेरचं तोंड खिडकीपासून दूर आणि बर्फाच्या थराच्या वर. जानेवारी २००५ च्या हिमवादळात प्लिमथमध्ये भट्टीची बाहेरची वाट बर्फाने बुजली, कार्बन मोनॉक्साइड घरात साचला आणि सात वर्षांची मुलगी दगावली. त्यानंतर या राज्यात घरोघरी अलार्म सक्तीचे झाले. कायद्याला तिचंच नाव आहे. वीज गेली की पंखेही थांबतात, हेही ध्यानात असू द्या.

हा स्टोव्ह ‘हिरवा’ आहे का? थोडासा. करवतकामातून उरलेला भुसा जाळणं वेगळं आणि ब्रिटनमधल्या वीजकेंद्रासाठी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जंगलांतून बोटी भरणं वेगळं. सूक्ष्म कण दोन्हीकडे निघतात. शेजारी दमेकरी असेल तर माझ्या मते हा विचार सोडावा.

सरकारी धोरणाची मात्र गंमत आहे. २०२३ ते २०२५ या वर्षांत कार्यक्षम नवा स्टोव्ह घेणाऱ्याला ३० टक्के, २,००० डॉलर्सपर्यंत केंद्रीय करसवलत होती. जुना स्टोव्ह दुरुस्त करून वापरणाऱ्याला एक सेंटही नव्हता. म्हणजे पर्यावरण वाचवायचं ते खरेदी करूनच!

आता मूळ मुद्दा. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी गमतीने विचारलं, “काय हो डॉक्टर, पीएचडी राख उपसायला केलीत?” बाकीच्यांनी उलट कौतुक केलं, ‘याला म्हणतात श्रमप्रतिष्ठा’. मला दोन्ही पटलं नाही. माझे चार शनिवार म्हणजे छंद. कंटाळा आला असता तर हीटिंग होतंच. ज्याला हे काम रोज करावं लागतं, त्याच्याशी आपण कसे वागतो हा खरा प्रश्न आहे. नळी बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने पंख्याच्या नुसत्या आवाजावरून सांगितलं की बेअरिंग वर्षभरात जाईल. प्रयोगशाळेत अशा निदानाला आपण ‘एक्सपर्टीज’ म्हणतो. त्याचं तीन तासांचं बिल सांगितल्यावर मात्र आपली मंडळी म्हणाली, “एवढे? नळी बसवायचे?” वकिलाच्या तासाला असं कोणी म्हणत नाही.

राख, काजळी, घाण यांना हात लावणारा तो खालचा, ही सवय आपण व्हिसाबरोबर इकडे आणली आहे. जात मानत नाही म्हणणाऱ्या घरांतही ती सापडते. इथल्या व्होकेशनल हायस्कूलांत प्रवेशासाठी प्रतीक्षायाद्या असतात. माझ्या ओळखीच्या मराठी घरांतलं एकही मूल त्या यादीत नाही. आपल्या मुलीने ‘मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय’ म्हटलं, तर किती घरांत त्या रात्री शांतपणे जेवण होईल?

एप्रिलमध्ये स्टोव्हची वार्षिक सफाई करणार आहे. ज्यांना आतून बघायचा असेल त्यांनी मास्क घेऊन यावं, चहा मिळेल. त्या तंत्रज्ञाचा नंबरही हवा असल्यास कळवा, पण बिलावर घासाघीस करणार असाल तर देणार नाही.