फोन गेला, आता सिमच्या मागे धावा

डब्यातल्या सहप्रवाशांनो,

रुळांलगत उभा असलेला कुणीतरी दारातल्या माणसाच्या हातावर काठी हाणतो, फोन खाली पडतो आणि गाडी पुढे निघून जाते. याला आपण ‘फटका’ म्हणतो. दारात फोन काढू नका, असं एकमेकांना बजावतोही. तरी फोन जातातच. फटक्यात नाही, तर पुलाच्या जिन्यावरच्या रेटारेटीत. म्हणून आजचं आवाहन फोन गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाचं आहे.

हा अर्धा तास आपण गेलेल्या नंबरवर रिंग देण्यात घालवतो. ‘वाजतोय, वाजतोय’ असं म्हणत सगळा डबा त्यात सामील होतो. पण खरा ऐवज सिममध्ये असतो. ते काढून दुसऱ्या फोनात घातलं की तुमचे ओटीपी तिकडे जातात. यूपीआयचा पिन चोराला माहीत नसला तरी नवा करता येतो: डेबिट कार्डाचे शेवटचे ६ अंक आणि मुदत, किंवा आधारचे पहिले ६ अंक, आणि सोबत ओटीपी. हातातला चालू फोन हिसकावला असेल तर तो उघडाच असतो. आता आपापली गॅलरी बघा. झेरॉक्सवाल्याला पाठवलेला आधारचा फोटो अजून आहे ना? काहींचं तर डेबिट कार्डच फोनच्या कव्हरात असतं. एटीएमचा पिन ‘अशोक एटीएम’ या नावाने नंबर म्हणून साठवणारेही आपल्यात आहेत. चोरही मराठी वाचतो, मंडळी.

तेव्हा आज रात्री घरी सिमला पिन लावा. सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ शोधा. सुरुवातीचा पिन अंदाजाने टाकू नका, तो सिमच्या कंपनीला विचारा. तीनदा चुकला तर सिम अडकतं. पिन लावलेलं सिम दुसऱ्या फोनात घातलं तरी पिनशिवाय चालत नाही. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसतो, तो बंद करा. नाहीतर ओटीपी वाचायला फोन उघडावाही लागत नाही. *#०६# दाबून आलेला १५ अंकी आयएमईआय वहीत लिहा. गूगल खात्याचे बॅकअप कोडही कागदावर उतरवून कपाटात ठेवा. ते नसतील तर घरच्यांच्या फोनवरून लॉगिन करताना गूगल खात्रीसाठी विचारणा करतं ती नेमकी गेलेल्या फोनवरच.

फोन गेलाच, तर शेजारच्याचा फोन मागा. संकोच करू नका. त्यावरून गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या ‘फाइंड’ सेवेत जाऊन आपला फोन लॉक करा. हे सिम बंद करण्याआधी करायचं, कारण सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट तुटतं आणि लॉकचा हुकूम पोहोचतच नाही. पाच मिनिटांत जमलं नाही तर सोडून द्या. जमलं किंवा नाही, त्यानंतर कंपनीला सिम बंद करायला लावा. मग बँक. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. बँकेला कळवल्यानंतर जाणाऱ्या पैशाचा भार बँकेवर, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा.

फोन हिसकावला असेल तर पोलीस ठाण्यात ‘गहाळ’ असं लिहू देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा.

सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय बंद करायचं काम त्यानंतरचं. त्यासाठी पोलिसांची तक्रार लागते आणि त्याच नंबरचं नवं सिमही. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपीही नाही. शिवाय आयएमईआय बंद केल्याने बंद होतं ते फक्त मोबाइल नेटवर्क. वायफायवर गॅलरी उघडतेच.

काही दिवसांनी घरच्यांच्या नंबरवर ‘तुमचा फोन सापडला, लिंक उघडा’ असा मेसेज येऊ शकतो. ती लिंक तुमचा पासवर्ड काढून घेण्यासाठी असते.

ज्यांना सिमचा पिन लावता येत नाही त्यांनी उद्या परतीच्या गाडीत सांगा. आम्ही चौघे मधल्या दारापाशी असतो. कोड लिहायला कागद-पेन तेवढं आणा.

आपला,
एक सहप्रवासी