पासपोर्ट, राखीव जागा आणि आपली मुले

या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेले काही विद्यार्थी आज इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थिरावले आहेत, याचा आम्हां शिक्षकांना अभिमान वाटतो. ज्यांच्या आजीने वैनगंगेकाठच्या परक्या बांधीत धानाची रोवणी केली, त्यांची मुले आता परदेशात जन्मून तिथेच वाढत आहेत. ही कुटुंबे सुटीत पवनीला येतात, जुन्या शिक्षकांना भेटतात आणि मूल दहावी-बारावीच्या वयाचे असेल तर एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, मुलाकडे दोन्ही देशांचे नागरिकत्व आहे. नागपूरच्या मेडिकलला कॅटेगरीतून अर्ज करता येईल ना?"

या प्रश्नात एक मोठा गैरसमज आहे आणि एक नैतिक मुद्दाही आहे. गैरसमजाचा विचार आधी करू.

भारताचा सज्ञान नागरिक एकाच वेळी दुसऱ्या देशाचा नागरिक राहू शकत नाही. संविधानाचा मसुदा सादर करताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी एकेरी नागरिकत्वाचे तत्त्व मांडले, ते अनेकांना पाठ असते. पण तिथे संदर्भ अमेरिकेसारख्या संघराज्याचा होता, म्हणजे संघाचे एक व राज्याचे दुसरे अशा नागरिकत्वाचा. दोन देशांच्या नागरिकत्वाचा प्रश्न अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ यांच्या कलम ९ मध्ये येतो. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपते. इतिहास शिकवणाऱ्याने या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये.

मग आपल्या मंडळींकडे असते ते काय? ते असते ओसीआय कार्ड. त्याच्या नावात 'नागरिक' हा शब्द असल्यामुळे सारा घोटाळा होतो. प्रत्यक्षात तो दीर्घ मुदतीचा प्रवेश-परवाना आणि काही ठरावीक सवलती, एवढेच आहे. कार्डधारकाला मतदानाचा अधिकार नाही. वैद्यकीय प्रवेशाबाबत केंद्र शासनाची ४ मार्च २०२१ ची अधिसूचना अगदी स्पष्ट आहे : ओसीआय विद्यार्थ्याला 'नीट' देता येईल, पण प्रवेश फक्त अनिवासी भारतीयांच्या वा अतिरिक्त जागांवर मिळेल, केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागेवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ही अधिसूचना पूर्वलक्षी लागू करण्यास नकार दिला, त्यामुळे ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड मिळालेल्यांचे आधीचे हक्क शाबूत राहिले. त्यानंतर कार्ड काढलेल्यांच्या वाट्याला अनिवासी कोटाच येतो. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांत या कोट्याला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००५ च्या निकालाने घातली. त्याचे शुल्क ऐकल्यावर विदेशात कमावणारा बापही दोन मिनिटे गप्प बसतो.

आता कायद्यातील एक अपवाद. तो फार थोड्या पालकांना ठाऊक असतो. परदेशात जन्मलेल्या अपत्याच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत केली, आणि त्याच्याकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांनी लिहून दिले, तर ते मूल वंशपरंपरेने भारतीय नागरिक होते. जन्मभूमीच्या कायद्याने ते त्या देशाचेही नागरिक असू शकते. म्हणजे अज्ञान वयापुरते दुहेरीपण आपला कायदा सहन करतो. मात्र अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दुसरे नागरिकत्व सोडले नाही तर भारतीय नागरिकत्व जाते. 'नीट'साठी किमान वय १७ आहे. म्हणजे प्रवेशाची धावपळ आणि नागरिकत्वाची निवड एकाच वर्षात अंगावर येतात, आणि निवड करायची असते ती त्या पोराने. आईवडिलांनी परकीय नागरिकत्व घेतले तरी मुलाला पुढे घोषणापत्र देऊन ते परत मिळते, अशी एक समजूत पसरलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली : ती सोय कलम ८ खाली रीतसर त्याग करणाऱ्यांच्या मुलांसाठी आहे, परकीय नागरिकत्व स्वीकारल्यामुळे ज्यांचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपले, त्यांच्या मुलांसाठी नाही.

समजा, मुलाने भारत निवडला. तरीही महाराष्ट्राच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी व बारावी याच राज्यातून उत्तीर्ण असण्याची अट आहे, आणि राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतेच. परदेशी शाळेत शिकलेल्याला उरतो तो अखिल भारतीय कोटा.

येथे आमचे मत सांगतो. ते आमच्याच काही लाडक्या विद्यार्थ्यांना रुचणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, पासपोर्ट बदलल्याने जात सुटत नाही. हे खरे आहे. अमेरिकेतील सिएटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. पण जातीचा चटका बसणे ही एक गोष्ट आणि राखीव जागेवर हक्क सांगणे ही दुसरी. ती जागा भारतीय समाजाने आपल्या नागरिकांशी केलेल्या कराराचा भाग आहे. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. राज्याने सवलती आधी दिल्या, परंतु केंद्राच्या दारात एक पिढी वाट पाहत म्हातारी झाली. इतक्या विलंबाने हाती आलेली जागा पवनी तालुक्यातील त्या मुलीची आहे, जी जिल्हा परिषदेच्या शाळेतून येथे आली आणि जिच्या घरी 'नीट'चे पुस्तक घ्यायलाही उसनवार करावी लागते. लंडनच्या शाळेत शिकलेल्या मुलाने तिच्याशी त्याच रांगेत स्पर्धा करावी, हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही. २०२१ च्या अधिसूचनेचे इतर परिणाम काहीही असोत, या एका मुद्द्यावर आम्ही तिच्या बाजूने आहोत.

उलट दिशेचा भ्रमही तितकाच महागात पडतो. ब्रिटिश पासपोर्ट आहे म्हणून तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात स्थानिक विद्यार्थ्याचे शुल्क लागेल, असे गृहीत धरून काहीजण मुलाला आजी-आजोबांकडे नागपुरात ठेवतात. तिथे पासपोर्टाइतकेच वास्तव्य पाहिले जाते; साधारणपणे अभ्यासक्रमापूर्वीची सलग तीन वर्षे. ती नसतील तर ब्रिटिश नागरिकालाही परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क द्यावे लागू शकते. शिवाय अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे आपल्याकडे बारावीचे पहिले सत्र चालू असतानाच, संपते. अमेरिकेत तर आधी पदवी आणि मगच वैद्यकीय शिक्षण.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला आणि रखमाबाई १८८९ साली लंडनला वैद्यक शिकायला गेल्या, तेव्हा असला प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. त्या साम्राज्याच्या प्रजा होत्या, नागरिक कोणत्याच देशाच्या नव्हत्या. आपल्या मुलांपुढे आज निवड आहे, हे त्यामानाने भाग्यच.

येथूनच परदेशी जाऊन डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी थोडेसे. 'नीट' उत्तीर्ण असल्याशिवाय ती पदवी भारतात उपयोगाची नाही. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, आणि त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणेच व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. दलाल हे शेवटचे कलम सांगत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी ते लेखी मागावे.

आणि ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी परदेशात नुकतेच बाळ जन्मले आहे, त्यांनी जन्मदाखला घेऊन पहिला वाढदिवस होण्याआधी भारतीय वकिलातीत जावे. तिथे नोंद करायची की बाळाचा त्या देशाचा पासपोर्ट काढायचा, हे पतीपत्नींनी दोघांनी मिळून, कागद समोर ठेवून ठरवावे.