किट दिले, पण विचारले का?

दर रमजानमध्ये आम्ही मोहल्ल्यातले मित्र रेशन किट वाटतो. गेल्या वर्षी मी पाच वर्षांच्या याद्या एका एक्सेल शीटमध्ये टाकल्या. बहुतेक नावे तीच! ही घरे यादीतून बाहेर का पडत नाहीत, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. सॉफ्टवेअरमध्ये एकच बग पाचदा आला, तर लॉग न पाहता मी सहावा पॅच लावणार नाही. इथे मात्र तेच करत होतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळे दगावत होती. त्यांनी नुसते उपचार केले नाहीत. गावोगावी जन्ममृत्यूंची नोंद ठेवली, कारणे शोधली. मग 39 गावांतल्या महिलांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटला. 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ने हे संशोधन छापले. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली.

किट बंद करा, असे मी म्हणत नाही. भुकेल्याचे पोट अहवालाने भरत नाही. पण यंदा दारात पाच मिनिटे थांबू या. घरात कमावते किती? कर्ज कशाचे? शाळा कुणी सोडली, का सोडली? उत्तरे लिहून ठेवू आणि त्यावर वर्षभर काम करू. पुढच्या रमजानला यातले एक जरी घर घेणाऱ्यांतून देणाऱ्यांत आले, तर ती खरी मदत.