डबा बसवला, चिकटा कुठे टाकू?

आमच्या मोरीखाली स्टीलचा एक डबा आहे. कागदोपत्री त्याचं नाव ग्रीस ट्रॅप, आमची पोरं त्याला चिकट्याचा डबा म्हणतात. परवान्याच्या वेळी साहेब येतात, वाकून बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. मिसळीचं हॉटेल मी बावीस वर्षं चालवतेय, डबा बसवून नऊ झाली. ‘झाकण उचला’ असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही.

उचललं असतं तर सुरुवातीच्या वर्षांत त्यांना काय दिसलं असतं, ते सांगायला लाज वाटते. या डब्यात जादू काही नाही. मोरीचं पाणी आत येतं, आडव्या पत्र्यांना अडून थबकतं आणि निवतं. तेल वर तरंगतं, मटकी-शेवेचा गाळ तळाशी बसतो, मधलं पाणी तेवढं वाकड्या नळीतून बाहेर पडतं. वरचा थर आणि खालचा गाळ मिळून पाव डबा भरला, की तो उपसायचा. नाही उपसला तर पाण्याला थांबायला जागाच उरत नाही, तेल सरळ गटारात जातं. न उपसलेला ट्रॅप म्हणजे गटाराच्या वाटेवरचं एक महागडं भांडं.

पुढे आम्ही उपसायला लागलो. कसं, ते ऐका. रात्री शटर ओढलं की पोरगा डोवल्याने थर काढायचा, बादलीत भरायचा, दारासमोरच्या चेंबरचं झाकण सरकवायचा आणि बादली त्यात उलटी करायचा. गटारात जाऊ नये म्हणून दिवसभर अडवलेलं तेल रात्री आम्हीच नेऊन गटारात टाकत होतो. मी गल्ल्यावर बसून ते बघत होते. डबा स्वच्छ झाला ना, मग झालं.

एका आषाढात चेंबर तुंबलं आणि मैलापाणी पायरीपर्यंत आलं. सफाईला आलेल्या दोघांनी बांबू घालून पांढरट लादीसारखा एक तुकडा बाहेर काढला. फोडायला पहार लागली. त्यातला वयस्कर माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, “काकू, हे मिसळीचंय. वास घ्या.” घेतला. कांदा-खोबऱ्याचा वाटलेला मसाला, दुसरं काही नाही. कट आमचाच होता.

तेलाचा असा दगड होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पामतेल थंडीत डब्यातच गोठतं, हे प्रत्येक हॉटेलवाल्याला माहीत असतं. गटारात त्याच्यापुढची पायरी गाठली जाते. चरबीचा तिथल्या कॅल्शियमशी संयोग होऊन साबणासारखा टणक पदार्थ तयार होतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली असला एक गोळा सापडला होता, अडीचशे मीटर लांब आणि 130 टन वजनाचा. त्याचा तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात मांडला. आपल्याकडे हे प्रदर्शन दर पावसाळ्यात रस्त्यावरच भरतं. उकळतं पाणी आणि साबण ओतून मोरी मोकळी होते म्हणणाऱ्यांना एकच सांगते, तेल वितळून पुढे जातं आणि शेजाऱ्याच्या दारात गोठतं.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं पर्यावरण नियमांत लिहिलेलं आहे. तळणाच्या तेलाचाही हिशेब आहे. त्यातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम 2018च्या जुलैपासून आहे. तळणाचं जुनं तेल आता बायोडिझेलवाले येऊन विकत घेतात, त्यामुळे ते कुणी ओतून देत नाही. पैसे मिळतात तिथे शिस्त आपोआप येते. ट्रॅपमधल्या चिकट्याला मात्र कुणी विचारत नाही. घंटागाडीवाला बादली बघून गाडी पुढे काढतो. त्याचं तरी काय चुकलं? ओल्या कचऱ्यात ते सांडलं तर त्याच्याच अंगावर येणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डब्याची सक्ती करणाऱ्यांनी चिकटा नेण्याची गाडीही द्यावी. आठवड्यातून एकदा येऊ दे, वजन करू दे, पावती देऊ दे आणि पैसे घेऊ दे. मी देईन. तपासणीला आलात की डब्याचा फोटो नको, पावत्यांची फाइल मागा. माझा भाचा दुबईत एका हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळतो. तिथे पालिकेने मान्यता दिलेल्या कंपनीनेच ट्रॅप उपसायचा असतो, कुणा पोऱ्याने नाही. आणि नेलेलं सगळं वाया जातं असंही नाही. ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या गॅस प्रकल्पात बेताने चरबी मिसळली तर गॅस वाढतो.

हॉटेल संघटनेच्या बैठकीत मी हे बोलले तेव्हा एकजण म्हणाले, “ताई, अजून एक खर्च कशाला मागून घेताय?” खर्च आजही होतोच आहे, फक्त तो आपल्या वहीत लिहिला जात नाही. तुंबलेल्या चेंबरमध्ये विषारी वायू साठतो आणि गटार उपसायच्या गाडीने काम भागलं नाही की अजूनही माणूस उतरवला जातो. 2013च्या कायद्याने ते बंद केलंय. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला तीस लाख द्या म्हणून सांगितलं. ते गटार कशाने तुंबलं होतं, हे मात्र त्या तीस लाखांच्या कागदावर कुठे येत नाही.

खाऊगल्लीतल्या गाड्यांना स्वतःचा डबा परवडणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी एकच मोठा सामाईक ट्रॅप बांधावा.

आमचा डबा आता दर सोमवारी दुपारी साडेतीनला उघडतो. थर भुशात कालवून पिंपात भरतो. मागच्या अंगणात अशी तीन पिंपं भरून उभी आहेत आणि चौथं मी कालच आणलं. गाडी कधी पाठवताय?