कायदा आणि हिशेब

१९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत असत. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा बॅरिस्टर हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या तरुणांना कायदा शिकवीत होता. या गोष्टीकडे आम्ही इतिहासाच्या शिक्षकांनीही पुरेसे लक्ष दिले नाही.

आमच्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले, न्यास नोंदले गेले. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० नुसार न्यासाने रीतसर हिशेब ठेवावे लागतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हे राहून जाते. मग विश्वस्तांत वाद आणि तारखांमागून तारखा. श्रद्धा उदंड असते, कागद मात्र अपुरे पडतात.

म्हणून बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या बी. कॉम. एलएल. बी. या संयुक्त पदवीकडे आमच्या मुलामुलींनी वळावे, असे आम्हांस वाटते. दोन पदव्या स्वतंत्रपणे घेतल्यास सहा वर्षे लागतात. पहिल्या पगाराची वाट पाहणाऱ्या घरात वाचलेले एक वर्ष लहान नसते. करार, कंपनी कायदा, कर आणि ताळेबंद यांचा अभ्यास येथे बरोबरीने होतो. मात्र या पदवीने कोणी सनदी लेखापाल होत नाही. त्यासाठी वेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे.

मोर्चात घोषणा देणारे आमच्यात पुष्कळ आहेत. ताळेबंद वाचून प्रश्न विचारणारे थोडे. माजी विद्यार्थ्यांनी या वसतिगृहातील एका तरी मुलीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा भार उचलावा, एवढीच आमची विनंती.